काटा धपकन पडतो की हळूहळू?

'रिक्षा सांग रे, आपण रिक्षानेच जाऊया,' असं आई म्हणाली त्या दिवशी मी गाडी विकायचं ठरवलं. अंगणात फोर बाय फोर उभी, टाकी फुल, आणि आईला जायचं होतं फक्त शृंगारतळीपर्यंत, डोळे तपासायला. ती रागाने म्हणाली नाही, टोमणाही नव्हता. पिशवी मांडीवर घेऊन, चपला घालून पडवीच्या पायरीवर बसली होती आणि अगदी सहज बोलून गेली. मला ते जेवढं लागलं तेवढं गाडी बंद पडली तेव्हाही लागलं नव्हतं.

आता ही गोष्ट नीट सांगायची तर आधी हे सांगायला हवं की ही गाडी मी हौस म्हणून घेतली नव्हती. आमचं घर गुहागर तालुक्यात, पालशेतच्या पुढे, खाली समुद्राजवळ आगरात, आणि आंब्याची कलमं वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर. मधे अडीच किलोमीटरची घाटी, जांभा तासून काढलेली, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला पऱ्या, म्हणजे ओढा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आमच्याकडे, तो दर वर्षी ही वाट नव्याने खणून ठेवतो, आणि शेवाळ धरलेल्या कातळावर माणूस उभा राहत नाही तिथे साध्या गाडीचं काय घेऊन बसलात. बाबांच्या काळात पेट्या गड्यांच्या डोक्यावरून खाली यायच्या. बाबांचे गुडघे त्याच घाटीने खाल्ले असं आई म्हणते. म्हणून २०१८ च्या दसऱ्याला कर्ज काढून ही घेतली. कंपनी कुठली ते इथे महत्त्वाचं नाही.

पहिली चार वर्षं मी हिच्याबद्दल कधी विचारच केला नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय, कारण विश्वास म्हणजे तेच असावं असं मला आता वाटतं. चावी फिरवायची, छोटा दांडा फोर लोला (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त) ओढायचा, पुढच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या ट्रान्स्फर केसमधून तो 'खट्' असा आवाज आला की पुढची दोन चाकंही कामाला लागली, आणि मग क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला तरी गाडी आपली आपण, बैल चढतो तशी एकेक पाऊल टाकत चढायची. त्या दांड्याच्या मुठीवरचे आकडे माझ्या तळहाताने पुसून गेले होते. शेवटी शेवटी तिथे नुसता गुळगुळीत काळा गोळा उरला होता, टू एच कुठे आणि फोर एल कुठे ते हातालाच माहीत.

गावातही हिचं नाव होतं. दिवाळीत आणि डिसेंबरमध्ये पर्यटक आले की कोणीतरी गाडी पुळणीत, किनाऱ्याच्या वाळूत, घालणार आणि चाकं फिरवून फिरवून ती पोटापर्यंत रुतवणार हे ठरलेलंच, मग आमच्याकडे फोन. एकदा अशीच एक पांढरी गाडी संध्याकाळी साडेचारला रुतली. त्या दिवशी दशमी. आमच्याकडे भरतीचा हिशोब तोंडी असतो, तिथीची पाऊणपट करायची, दहाचे साडेसात, म्हणजे साडेसातला पूर्ण भरती आणि साडेचारला पाणी निम्मं वर आलेलं. गाडीतली दोन लहान मुलं नुसती पाण्याकडे बघत होती. मी टायरमधली हवा १८ वर आणली, पट्टा बांधला, फोर लो टाकला आणि झटका न देता ओढली. पहिल्या लाटेचा फेस त्यांच्या मागच्या चाकाला लागला तेव्हा चाक सुटलं. (किनाऱ्यावर गाड्या घालू नयेत हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो, वाळूत कासवांची घरटी असतात आणि खारं पाणी गाडीला कसं आतून खातं ते तुम्हाला दिसत नाही, मला नंतर दिसलं.)

आणि २०२१. २२ जुलैला चिपळूणला पूर आला, वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या शहरात शिरल्या, तेव्हा पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही वाडीतून पाण्याचे कॅन, तांदूळ, मेणबत्त्या आणि दोनशे-अडीचशे भाकऱ्या घेऊन निघालो. बाजारपेठेत गुडघाभर चिखल, त्यात फर्निचर, गाद्या, मेलेली जनावरं, आणि सगळ्या गाड्या एकमेकींवर चढलेल्या. माझी गाडी त्या चिखलातून दिवसभर फिरली, तीन दिवस फिरली. एका गल्लीत एक म्हातारे काका जिन्यात बसून होते, त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, 'ही बरी आली.' मला म्हणाले नाहीत, तिला म्हणाले. त्या रात्री घरी आल्यावर कंदिलाच्या उजेडात मी तिला खालून-वरून धुतली, तासभर, कारण मला झोपच येईना.

पहिल्यांदा बंद पडली ती २०२२ च्या डिसेंबरात. सरळ रस्ता, साठचा स्पीड, आणि एकदम शांत. ना धक्का, ना आवाज, ना दिवा. कडेला घेतली, पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारला, सुरू. मी म्हटलं डिझेलमध्ये पाणी असेल. फिल्टर बदलला. मार्चमध्ये परत. एप्रिलमध्ये परत, आणि तेव्हा मागे ३२ पेट्या होत्या, वाशीला जाणारा ट्रक रात्री नऊला सुटतो, तो चुकला, आणि माल एक दिवस उशिरा बाजारात गेला. ज्यांच्याकडे हापूस आहे त्यांना एक दिवस म्हणजे काय ते सांगायला नको.

सर्व्हिस सेंटरचा सगळा किस्सा लिहीत नाही, ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना तो माहीत आहे आणि बाकीच्यांना कंटाळा येईल. थोडक्यात एवढंच की स्कॅनर लावला की काहीच यायचं नाही. 'नो फॉल्ट कोड.' गाडी त्यांच्याकडे चार चार दिवस राहायची तेव्हा एकदाही बंद पडायची नाही. आधी डिझेल पंपाचा रिले बदलला, मग क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का ते कॉम्प्युटरला कळवतो तो), मग पंपच, आणि दर वेळी 'आता काही येणार नाही सर' म्हणून चावी हातात. ५२ हजार गेले. पैशाचं दुःख आहेच, पण पैशापेक्षा मला त्या माणसाच्या बोलण्यातली खात्री खटकायची, कारण त्याला कारण सापडलेलं नव्हतं आणि तरी तो खात्री देत होता.

मग जुलै २०२३ ची रात्र.

आईला दमा आहे. पावसाळ्यात वाढतो. त्या रात्री अकराच्या सुमाराला दम्याच्या पंपाने आराम पडेना, ती खाटेवर पुढे वाकून बसली आणि बोलायची थांबली. बोलायची थांबली की आम्हाला कळतं. गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती असं नाही, पण माझ्या डोक्यात आलंच नाही, म्हणजे आलं आणि मी ते बाजूला सारलं, कारण सेन्सर, पंप सगळं नवीन होतं आणि दोन महिने काही झालं नव्हतं. बायको मागे आईला धरून बसली. पाऊस असा की वायपर फुल स्पीडला लावूनही काच दिसेना. मार्गताम्हाने मागे पडलं, आणि पुढच्या एका उतारावर, वळणाच्या तोंडाशी, इंजिन गेलं.

इंजिन गेलं की नुसता वेग जात नाही. पॉवर स्टिअरिंग जातं, स्टिअरिंग चुलीतल्या ओल्या ओंडक्यासारखं जड होतं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम असतो तो दोन दाबांपुरता उरतो, तिसऱ्यांदा पाय दाबला की पेडल दगड. मला हे पुस्तकातून माहीत होतं, पायाला त्या रात्री कळलं. दोन्ही हातांनी ओढून गाडी गटाराच्या बाजूला घातली, हँडब्रेक खेचला, आणि मग फक्त छपरावरचा पाऊस आणि मागून आईच्या छातीतला तो शिट्टीसारखा आवाज. सेल्फ मारला. इंजिन फिरतंय पण पकडत नाही. परत मारला. परत. बायको म्हणाली, 'नको आता, बॅटरी जाईल,' आणि खाली उतरून भर पावसात रस्त्याच्या मधे उभी राहिली टॉर्च घेऊन.

अठरा मिनिटांनी कोंबड्यांचा टेम्पो आला. त्या ड्रायव्हरने एक प्रश्न विचारला नाही. क्लीनरला मागे जाळीला लटकायला सांगितलं, आईला केबिनमध्ये उचलून बसवलं, बायको शेजारी, आणि गेले. मी गाडीपाशी राहिलो, कारण वळणावर अंधारात ती तशी सोडून गेलो असतो तर मागून येणाऱ्याने ठोकली असती. लाल दिवे दिसेनासे झाल्यावर काय करायचं म्हणून मी आत बसलो आणि चावी फिरवली.

अर्ध्या सेल्फला सुरू झाली.

आई बरी झाली, दोन दिवसांत घरी आली. पण मी त्या रात्री स्टिअरिंगवर हात ठेवून इंजिनाचा तो एकसारखा, निरोगी आवाज ऐकत होतो ना, ते मला अजून विसरता येत नाही. ती काहीच झालं नसल्यासारखी चालत होती.

पुढे नोव्हेंबरमध्ये चिपळूणच्या एका वायरमनचं नाव कोणीतरी सुचवलं. एवढीशी जागा, बाहेर दोन बाकडी, साठीचा माणूस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी फाइल काढून बिलं दाखवायला लागलो तर त्याने हाताने थांबवलं आणि विचारलं, 'गाडी बंद पडते तेव्हा आरपीएमचा काटा कसा पडतो? धपकन पडतो की हळूहळू?'

एवढ्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. आणि मला उत्तर माहीत होतं, डोळ्यांना माहीत होतं. 'धपकन,' मी म्हटलं. 'गाडी गियरमध्ये पळतच असते आणि काटा शून्यावर.'

'मग डिझेलचं काही नाही,' तो म्हणाला. 'इंजिन फिरतंय तर काटा वर पायजे. काटा पडला म्हणजे इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळेना. मग तो डिझेल सोडतच नाही.'

सेन्सर नवीन आहे, मी सांगितलं. 'सेन्सर नवीन असू दे. निरोप आणणारी वायर जुनीच ना?' त्याने इंजिन चालू ठेवलं, अर्धा हात खाली घातला, आणि गियरबॉक्सच्या जवळून जाणारा वायरचा जुडगा बोटांनी चाचपत चाचपत वर आला, सुईण पोट तपासते तसा, डोळे भलतीकडेच. एका जागी थांबला. दोन बोटांत धरून वायर जराशी वाकवली आणि इंजिन गप्प झालं. सोडली, सेल्फ मारायला लावला, सुरू. वाकवली, गप्प. तीनदा करून दाखवलं.

मग ब्लेडने वरचं आवरण सोललं. एका लोखंडी पट्टीला घासून वायरचं कातडं तिथे पातळ झालं होतं, आणि आत तांबं नव्हतंच जवळजवळ, हिरवी भुकटी होती. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं, तो हिरवा रंग. बोटभर लांबीचा तुकडा. इंजिन तापलं की वायर सैल व्हायची, एखादा तंतू सुटायचा, थंड झालं की परत टेकायचा. तो म्हणाला, खारं पाणी. मी विचारलं, पुराच्या चिखलानेही होऊ शकतं का? त्याने खांदे उडवले, 'ओल ती ओल.' मी मात्र तिथे बाकड्यावर बसून त्या चिपळूणच्या तीन दिवसांचाच विचार करत होतो. ज्या कामाने मला तिचा सगळ्यात जास्त अभिमान वाटला त्याच कामात तिला हे लागलं असेल का. याचं उत्तर मिळणार नाही, पण हिरवा तुकडा मी कागदात बांधून खिशात टाकला. नवी वायर, सोल्डर, वरून स्लीव्ह, पट्टीपासून लांब बांधून दिली. साडेसातशे रुपये. आणि तो 'आता काही येणार नाही' असं म्हणाला नाही. म्हणाला, 'चालवा, आणि पाऊस संपला की एकदा दाखवा.'

त्यानंतर चौदा महिने ती एकदाही बंद पडली नाही. एकदाही नाही. दोन वेळा पेट्यांचा हंगाम नाही म्हणता येणार, एकच झाला, पण अख्खा झाला. एक पावसाळा झाला. घाटी तीच, दांड्याचा खट् तोच.

बदललो होतो तो मी. गाडीतलं गाणं बंद केलं, कारण गाण्यात इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही. उन्हाळ्यात एसी लावत नव्हतो. कुठेही उभी करताना तोंड उताराकडे करून ठेवायचो. रस्त्यावर नजर कमी आणि त्या काट्यावर जास्त. मुलगी आठ वर्षांची आहे, मागे बसून अखंड बडबडायची, तिला मी किती वेळा 'जरा गप्प' म्हणालो असेन, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती गप्पच असते, आणि दोन सीटच्या मधून मान पुढे काढून ती पण काटाच बघते आहे. 'बाबा, बरोबर आहे ना?' असं विचारायची. आठ वर्षांचं पोर.

मित्र म्हणतात, अरे फॉल्ट सापडला, काढला, आता काय? यंत्र आहे, त्याच्यावर रुसतोस कशाला? रुसलो नाही मी. आमच्या मागल्या दारी तीन पायऱ्या आहेत, जांभ्याच्या, लहानपणापासून मी त्या अंधारात उतरतो, पाय मोजत नाही, पायाला माहीत आहेत. एका जूनमध्ये मधल्या पायरीवर फुरसं निघालं. तात्यांनी काठीने उचलून लांब नेऊन सोडलं, भोकं बुजवली, परत कधी दिसलं नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि नऊ वर्षं त्या पायऱ्या मी टॉर्चशिवाय उतरलेलो नाही. फुरसं गेलं हे मला पटलेलं आहे. पाय ऐकत नाही. टॉर्च घेऊन पायरी उतरता येते, पण आजारी आईला घेऊन टॉर्चच्या हिशोबाने गाडी चालवता येत नाही, मला तरी नाही.

म्हणून ती रिक्षा. आईने चौदा महिने काही बोलून दाखवलं नव्हतं, मी बस म्हटलं की बसत होती, खिडकीच्या वरचा दांडा धरून. तो दांडा ती आधी कधी धरत नसे. त्या दिवशी रिक्षाने गेलो, रिक्षात तिने सुटलेल्या हातांनी बाहेर बघत, कोणाच्या आगरात काय लागलंय त्याच्या गप्पा मारल्या जातायेता. मी संध्याकाळी फोटो काढले गाडीचे.

विकताना एक ठरवलं होतं, सगळं सांगायचं. एक दलाल म्हणाला, कशाला सांगता, वायर बदलली ना, विषय संपला. त्याचं धंद्याच्या दृष्टीने बरोबर असेल, पण कोणाची तरी आई मागे बसणार आहे. दोघं जण ऐकून निघून गेले. तिसरा आला पाटणकडचा, कुंभार्ली घाट उतरून एसटीने, डोंगरात शेती असलेला, आधीच्या दोन जुन्या फोर बाय फोर स्वतः खोलून दुरुस्त करणारा. त्याला मी बिलांची फाइल दिली, वायर कुठे बांधली आहे ते खाली झोपून दाखवलं, तो कागदात बांधलेला हिरवा तुकडाही दाखवला. त्याने तो बराच वेळ बोटांत फिरवून बघितला. मग घाटी चढून सड्यावर जाऊन आलो, त्याने चालवली. वर कलमांत मोहोर होता. उतरताना म्हणाला, 'तुमचं खरं हाय. पन माज्याकडं ही आजारी मानूस न्यायला न्हाई, मी आन् वैरन. बंद पडली तर मी बिडी वडत बसंन.'

सहा पंचवीस सांगितले होते, पाच साठला दिली. त्याचं आरटीओ वेगळं, त्यामुळे रत्नागिरीहून एनओसी यायची होती, बँकेचा बोजा उतरवून झाला होता, फॉर्म २८, २९, ३० वर सह्या, ते सगळं होईपर्यंत तीन आठवडे ती अंगणातच ताडपत्रीखाली. मी दर रविवारी सुरू करून दहा मिनिटं चालू ठेवायचो. आणि खरं सांगतो, त्या दहा मिनिटांत मी काट्याकडे बघायचो नाही. तेवढ्यापुरती ती परत पहिल्यासारखी वाटायची.

न्यायला आला त्या दिवशी आई काठी टेकत अंगणात आली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, दोन नारळ पुढच्या सीटवर ठेवले, आणि बंद काचेवर हात ठेवून म्हणाली, 'नीट जा गो.' मी पट्टा डिकीत टाकला, तोच, पुळणीतून गाड्या ओढलेला. मुलीने मागून हात केला. गाडी घाटीच्या वळणाला गेली, तिथे दुसऱ्या गियरचा आवाज बदलला, मग वर सड्यावर गेली असणार, मग ऐकू येईना.

या वर्षी पेट्या वाडीतल्या एकाच्या पिकअपने खाली आणणार, भाडं ठरलंय.

दुपारी जेवण झाल्यावर आई एकदा विचारून गेली, फोन आला का. चार वाजता परत विचारलं. साडेपाचला आला. तो बोलत होता आणि मागे गाई हंबरत होत्या. मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं, 'पोचला.'

'तो नाही रे,' आई म्हणाली. 'ती?'